अंगण नसलेल्या अंगणवाडीची हवा

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रायोगिक प्रकल्पांनिशी सुरू झाली, आणि तेव्हापासून अंगणवाडीत येणाऱ्या मुलाच्या ताटात काय पडते याचा हिशेब सरकारदरबारी बारकाईने ठेवला जातो. किती उष्मांक मिळावेत, किती ग्रॅम प्रथिने मिळावीत, कोणत्या वयाला किती वजन आणि किती उंची असावी, याचे निकष ठरलेले आहेत आणि त्यांच्या नोंदी होतात. चार-पाच वर्षांच्या त्याच मुलाच्या शरीरात दिवसभरात सुमारे १० घनमीटर, म्हणजे वजनाने अकरा-बारा किलो हवा जाते. त्याने दिवसभरात खाल्लेले अन्न आणि प्यायलेले पाणी यांच्या एकत्रित वजनाच्या ती कितीतरी पट भरते. तरीही या हवेचा कोणताही हिशेब कोठेही ठेवला जात नाही. मुलाचे पोषण हे ज्या संस्थेचे ध्येय आहे, तिने मुलाला दिल्या जाणाऱ्या हवेकडे आहाराइतक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे, हा या लेखाचा मुद्दा आहे आणि तो मांडण्यासाठी जबलपूर हे योग्य शहर आहे.

योग्य अशासाठी की, बाहेरच्या हवेबाबत या शहराने अलीकडे नाव कमावले आहे. राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्याअंतर्गत केंद्रीय पर्यावरण मंत्रालय दरवर्षी शहरांचे ‘स्वच्छ वायू सर्वेक्षण’ करते. त्यात दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांच्या गटात जबलपूरने २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे देशात दुसरा क्रमांक मिळवला. मढाताल, गुप्तेश्वर, सुहागी, गोविंद भवन कॉलनी या भागांत हवेची मोजणी अखंड करणारी केंद्रे आहेत. परंतु या सर्वेक्षणात गुण दिले जातात ते रस्त्यावरील धूळ, कचरा जाळणे, वाहने, कारखाने आणि बांधकामाचा राडारोडा यांबाबत केलेल्या कामासाठी व बाहेरच्या हवेतील कणांत झालेल्या घटीसाठी. घमापूरच्या किंवा रांझीच्या एखाद्या गल्लीत, भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीच्या चार भिंतींआड काय चालले आहे, हे त्या मोजणीत येत नाही. जबलपूरच्या प्रयत्नांना यामुळे कमीपणा येत नाही. मोजणीची पद्धतच उंबरठ्याबाहेर थांबते, एवढेच येथे लक्षात घ्यावयाचे आहे.

‘अंगणवाडी’ हा शब्द मराठी आहे आणि त्याच्या जन्माची हकिकत या विषयाशी थेट निगडित आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कामास आरंभ केला. गरिबांची मुले बालवाडीच्या इमारतीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्या मुलांच्या वस्तीत, त्यांच्या घरांसमोरच्या अंगणात नेली, आणि म्हणून ती ‘अंगणवाडी’ झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे चारणाऱ्या मुलांसाठी, याच विचारातून कुरणशाळा उभी राहिली. सावलीपुरते झाड आणि सारवलेली जमीन एवढ्यावर भागणाऱ्या त्या व्यवस्थेत कोंदट हवेचा प्रश्नच उद्भवत नव्हता. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत रेचल आणि मार्गारेट मॅकमिलन या भगिनींनी १९१४ मध्ये उघड्या हवेतील बालशाळा सुरू केली होती, ती तर वस्तीतील मुलांचे सततचे आजारपण पाहूनच. बालशिक्षणाच्या आरंभीच्या या कार्यकर्त्यांना मोकळी हवा ही शिक्षणाची पूर्वअट वाटत होती. योजना देशभर पसरून अंगणवाड्यांची संख्या चौदा लाखांच्या घरात पोहोचली, त्यांतील सुमारे ९७ हजार मध्य प्रदेशात आहेत, आणि या विस्तारात शब्द टिकला तरी शहरांमध्ये अंगण मात्र बहुतेक ठिकाणी गेले.

मुलाचे फुप्फुस म्हणजे मोठ्या माणसाच्या फुप्फुसाची छोटी प्रत नव्हे. ते अद्याप घडत असलेले इंद्रिय आहे. श्वासनलिकेच्या शेवटी जे सूक्ष्म फुगे असतात आणि ज्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात उतरतो, त्यांना वायुकोश म्हणतात. जन्मतः हे वायुकोश काही कोटी असतात, प्रौढपणी ते तीस कोटींच्या वर जातात, आणि त्यांतील बहुतेक वाढ आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत, म्हणजे नेमकी पाळणाघर आणि अंगणवाडीच्या वयात होते. प्रौढ माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, तर तीन-चार वर्षांचे मूल वीस ते तीस आणि तान्हे बाळ त्याहूनही अधिक. शरीराच्या दर किलो वजनामागे मूल मोठ्या माणसाच्या सुमारे दुप्पट हवा आत घेते आणि त्या हवेतील जे काही वाईट असेल तेही त्याच प्रमाणात घेते.

याहून गंभीर गोष्ट श्वासमार्गाच्या रुंदीची आहे. नळीतून वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. बाळाची श्वासनलिका ४ मिलिमीटर रुंद आहे आणि धूर किंवा सर्दीमुळे तिच्या आतील अस्तराला सर्व बाजूंनी केवळ १ मिलिमीटर सूज आली असे धरले, तर त्रिज्या निम्मी होते आणि अडथळा सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या ८ मिलिमीटर रुंद नलिकेत तेवढ्याच सुजेने अडथळा जेमतेम तिप्पट होतो. एकाच खोलीत, एकाच धुरात बसलेली सेविका नुसती खोकते आणि तिच्या शेजारचे दीड वर्षाचे मूल छाती उडवत धापा टाकू लागते, याचे कारण या साध्या गणितात आहे. त्यातच मुलाचे नाक जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, आणि रांगत्या बाळाचे तर वीतभर अंतरावर असते. सतरंजी झटकल्यावर कवडशात तरंगताना दिसणारी धूळ सर्वांत दाट असते ती याच उंचीवर.

डोळ्यांना दिसणारी ती धूळ मात्र सर्वांत घातक नव्हे. हवेतील कणांचे मोजमाप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात करतात. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम १० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम २.५ म्हणतात, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो हे ध्यानात घेतले की या दुसऱ्या कणांचा बारीकपणा लक्षात येईल. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, पण पीएम २.५ थेट वायुकोशांपर्यंत जाते. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ मायक्रोग्रॅमवर आणली. याच संघटनेच्या अंदाजानुसार, घरातील चुलीच्या व तत्सम इंधनांच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसे दगावली आणि त्यांत २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले पाच वर्षांखालील होती.

खोलीच्या आत ही हवा कशी बिघडते, हे पाहताना प्रथम खोलीच पाहावी लागते. अंगणवाडीच्या इमारतीला बसण्याची खोली, स्वयंपाकाची व साठवणीची जागा, स्वच्छतागृह असे सर्व मिळून ६०० चौरस फूट तरी बांधीव क्षेत्र असावे, अशी अपेक्षा आहे. शहरातील भाड्याच्या जागेत ती क्वचितच पुरी होते. दहा फूट बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची एक खोली घेतली तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. तिच्यात पंचवीस मुले आणि दोन मोठी माणसे बसली, थंडी म्हणून दार-खिडक्या लावून घेतल्या, तर काय होईल याचे गणित कागदावर मांडता येते. उच्छ्वासातील हवेत सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, तर बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत अवघा ४२० भाग असतो. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच असे सुचवले होते की, माणसे राहतात त्या खोलीतील कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत एक हजार भागांच्या वर जाऊ नये. हा वायू तेवढ्या प्रमाणात विषारी असतो म्हणून नव्हे, तर इतरांनी सोडलेली हवा आपण किती प्रमाणात पुन्हा आत घेत आहोत याचा तो उत्तम निदर्शक आहे म्हणून. वर सांगितलेल्या बंद खोलीत ही पेटेनकोफरची रेषा दहा मिनिटांच्या आत ओलांडली जाते. ती ओलांडायची नसेल, तर त्या खोलीतील सगळी हवा दर तासाला सुमारे पंधरा वेळा बदलली पाहिजे.

हवा अशी बदलण्यालाच वायुवीजन म्हणतात, आणि येथे एक रूढ गैरसमज दूर केला पाहिजे. छताचा पंखा वायुवीजन करीत नाही. तो आतलीच हवा ढवळतो. एका मुलाच्या खोकल्यातून निघालेले जंतू तो फार तर सर्वांना सारखे वाटून देतो. भिंतीवरचे स्प्लिट वातानुकूलन यंत्रही बाहेरची हवा आत आणीत नाही, ते आतलीच हवा गार करून परत सोडते. त्यामुळे नेपिअर टाउन किंवा राइट टाउनमधील चकचकीत, काचबंद, वातानुकूलित प्ले स्कूलची हवा गरीब वस्तीतील अंगणवाडीपेक्षा चांगली असेलच असे नाही, किंबहुना पेटेनकोफरच्या कसोटीवर ती अधिक वाईट ठरण्याची शक्यता मोठी. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत त्या हवेत तग धरू शकतात, आणि क्षयरोगही बंद खोलीतील सामायिक हवेतूनच पसरतो. पाळणाघरात घातलेले मूल पहिल्या वर्षी सारखे आजारी पडते, ही घरोघरची तक्रार आहे आणि तिचे मोठे कारण हे उसने श्वास आहेत.

माणसांच्या श्वासानंतर क्रमांक लागतो तो माणसांनी मायेपोटी केलेल्या धुराचा. डास चावू नयेत म्हणून झोपलेल्या मुलांच्या पायथ्याशी कॉइल लावली जाते. बाजारातील कॉइलच्या तपासणीतून २००३ मध्ये असे दिसले की, एक कॉइल पूर्ण जळताना पीएम २.५ चे जेवढे वस्तुमान हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असते. कोणतीही आई मुलाच्या उशाशी शंभर सिगारेटी जाळणार नाही. कॉइल मात्र ती विश्वासाने पेटवते. मराठी घरांतील बाळंतिणीच्या खोलीतील शेक-शेगडी, न्हाऊमाखू घातल्यावर बाळाला दिली जाणारी ओव्याची आणि वेखंडाची धुरी, सर्दी झाली की लोबान, सकाळी केंद्र उघडताच देवाच्या तसबिरीपुढे लावलेली उदबत्ती, या सर्वांमागे वात्सल्य आणि श्रद्धा आहे, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल बोलताना उपहास नको, समजूत हवी. तरीही उदबत्तीचा धूर हा धूरच असतो आणि वायुकोशांना तो सुगंधी आहे की नाही हे कळत नाही.

महाकोशलातील हिवाळ्यात शेगडीचा धोका आणखी वेगळा असतो. डिसेंबर-जानेवारीत जबलपूरचे रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास आणि काही दिवस त्याखाली उतरते, आणि कोळशाची शेगडी, जिला तेथे अंगीठी म्हणतात, खोलीत आणून दार लावले जाते. धगधगत्या कोळशाला धूर कमी असल्यामुळे ती निर्धोक वाटते, परंतु अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग नसलेला, वास नसलेला वायू बाहेर पडतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद खोलीत झोपलेल्या मुलांजवळ शेगडी ठेवण्यात जिवाचा धोका आहे. या बाबतीत मध्यम मार्ग नाही.

स्वयंपाकाबाबत मध्य प्रदेशाची स्थिती काहीशी बरी म्हणावी लागेल. ग्रामीण भागात ‘सांझा चूल्हा’ या व्यवस्थेनुसार शाळेच्या मध्यान्ह भोजनाचे काम करणारा बचत गटच अंगणवाडीचे गरम जेवण शिजवतो, त्यामुळे मुलांच्या बसण्याच्या खोलीत चूल पेटण्याचा प्रसंग कमी येतो. मात्र जेथे खोलीला लागूनच रांधले जाते, तेथे लाकूड किंवा गोवऱ्या असोत वा गॅस, स्वयंपाकघर आणि मुलांची खोली यांच्यामध्ये छतापर्यंत पोहोचणारी भिंत असणे आणि धूर वरच्या बाजूने बाहेर जाणे अगत्याचे आहे. अर्धी भिंत उष्ण धुराला अडवू शकत नाही, कारण तो छताशी जमतो आणि तेथूनच पलीकडे उतरतो.

जबलपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून विडीचा धंदा रुजला आहे, आणि आजही घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या मांडीशी त्यांची मुले असतात. तंबाखूचा बारीक कोंडा, तेंदूच्या पानांची धूळ आणि घरातील पुरुषांच्या विडीचा धूर यांत सकाळ काढून आलेल्या मुलाच्या कपड्यांतून आणि केसांतून तो वास केंद्रात येतो. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये झालेल्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, परंतु काम कारखान्यातून घरी गेले तेव्हा आईचे घर हेच कारखाना झाले आणि पाळणाघर कागदावर राहिले. अशा मुलांसाठी अंगणवाडीतील चार तास हेच दिवसातील स्वच्छ हवेचे तास ठरू शकतात. त्यामुळे विडी वळणाऱ्या वस्त्यांतील केंद्रांची हवा सुधारण्याला सर्वांआधी हात घातला पाहिजे.

आणखी एक वस्तू जबलपूरच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे, ती म्हणजे डांबरगोळ्या. कपाटात, स्वच्छतागृहात, अंथरुणांच्या पेटीत ठेवल्या जाणाऱ्या या गोळ्या बहुधा नॅफ्थॅलीनच्या असतात आणि त्यांची वाफ खोलीभर पसरते. ज्यांच्या रक्तात जी६पीडी या विकराची जन्मजात उणीव असते, त्या मुलांच्या तांबड्या पेशी नॅफ्थॅलीनमुळे फुटतात, मूल पिवळे पडते आणि प्रसंगी रक्त देण्याची वेळ येते. ही उणीव मध्य भारतातील आदिवासी समाजांत आढळते, आणि जबलपूर येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या, आता राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने रक्ताच्या अशा आनुवंशिक दोषांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. मुलांच्या केंद्रात डांबरगोळी नको, हा निर्णय घेण्यास एक रुपयाही खर्च येत नाही. जुन्या तैलरंगाच्या पोपड्यांतील शिशाचीही अशीच काळजी घ्यावी लागते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला, त्यामुळे त्याआधी रंगवलेली दारे आणि खिडक्या कोरड्या घासू नयेत.

खिडकी उघडावी, असे म्हणताच दुसरी अडचण उभी राहते, कारण बाहेरची हवाही नेहमी निर्मळ नसते. जबलपूरच्या हवेत रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीचा वाटा मोठा आहे; दमोह नाका ते मदन महाल या उड्डाणपुलासारखी मोठी कामे चालू होती तेव्हा लगतच्या वस्त्यांना ती वर्षानुवर्षे सोसावी लागली. पीक निघाल्यावर शेतात उरलेली धसकटे, ज्यांना तेथे ‘नरवाई’ म्हणतात, जाळली की त्यांचा धूर शहरापर्यंत येतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार असा उलटा थर तयार होतो, आणि झाकण ठेवावे तसा तो शहराचा धूर खाली कोंडून धरतो. उन्हे वर चढली की हे झाकण उचलले जाते. म्हणून हिवाळ्यात खिडक्या पूर्ण उघडायच्या त्या सकाळी दहाच्या पुढे, रस्त्याकडच्या नव्हे तर मागल्या अंगाच्या, आणि त्यापूर्वी थोड्या किलकिल्या ठेवायच्या, एवढा विवेक सेविकेला सहज करता येतो. पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो: वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या शहरात गळक्या छताच्या खोलीला ओल धरते, भिंतीवर काळी बुरशी येते आणि तिचे बीजकण दम्याला निमंत्रण देतात. बुरशी पुसून रंग लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पाणी कोठून मुरते ते शोधून ती जागा आधी बुजवली पाहिजे.

उपाययोजनेचा क्रम या सर्व विवेचनातून आपोआप निघतो: आधी धुराचा उगम बंद करणे, मग हवा खेळती करणे, आणि उरलेच तर गाळणे. यांतील मधला टप्पा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. एकाच भिंतीत दोन खिडक्या असण्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींत एक-एक खिडकी असणे कितीतरी अधिक उपयोगी, कारण वारा एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने निघून जाऊ शकतो. समोरची भिंत शेजाऱ्याची असेल, तर छताजवळ झरोका ठेवावा. गरम हवा वर चढून तेथून बाहेर पडते आणि दाराखालून ताजी हवा आत ओढली जाते. जुन्या वाड्यांच्या भिंतींत वरच्या अंगाला ठेवलेल्या झरोक्यांचा उपयोग हाच होता. तेही शक्य नसेल तर झरोक्याच्या जागी बसवलेला नऊ इंची एक्झॉस्ट पंखा तासाला काही शे घनमीटर हवा बाहेर टाकतो, मात्र त्याच्या समोरच्या बाजूला हवा आत येण्यासाठी दार किंवा खिडकी उघडी असली पाहिजे; सर्व बाजूंनी बंद खोलीत तो नुसताच फिरतो. हवा खरोखर हलते की नाही हे पाहण्यासाठी यंत्राची गरज नाही. सुती धाग्याला पातळ कागदाची पट्टी बांधून ती खिडकीच्या चौकटीत लोंबकळत ठेवली, की ती आत झुकते, बाहेर झुकते की निश्चल राहते यावरून कोणत्याही सेविकेला उत्तर मिळते.

केर काढण्याची रीतही बदलावी लागेल. मुले आल्यावर कोरड्या केरसुणीने झाडणे आणि त्यांच्यासमोर सतरंजी झटकणे म्हणजे रात्रभर खाली बसलेली धूळ त्यांच्या नाकाशी आणून देणे होय. मुले येण्यापूर्वी अर्धा तास, ओल्या फडक्याने फरशी पुसावी. सतरंजी बाहेर नेऊन, वाऱ्याकडे पाठ करून झटकावी आणि उन्हात टाकावी. ही कामे मदतनीस बाईंच्या, म्हणजे मध्य प्रदेशात जिला ‘सहायिका’ म्हणतात तिच्या, वाट्याला येतात, आणि तिच्या तुटपुंज्या मानधनाकडे पाहता तिच्यावर केवळ सूचनांचा बोजा टाकणे अन्यायाचे होईल; तिला चांगला पोछा, पुरेसे पाणी आणि स्वतःसाठी मुखपट्टी मिळणे हा या सुधारणेचाच भाग मानला पाहिजे. कॉइलऐवजी झोपणाऱ्या मुलांवर मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी लावावी, पण जाळी महिन्यातून एकदा धुवावी, कारण धुळीने बुजलेली जाळी वाराही अडवते.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर, हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवू शकते आणि वर्दळीच्या रस्त्यालगतच्या पाळणाघराला तिचा खरा उपयोग होतो; पण ती कार्बन डायऑक्साइड कमी करीत नाही, गाळणी वेळेवर बदलण्याचा खर्च कायमचा असतो, आणि ओझोन सोडणारी यंत्रे तर मुलांच्या खोलीत आणूच नयेत. कुंडीतील झाडे हवा शुद्ध करतात हा समज १९८९ च्या, बंद पेट्यांमध्ये केलेल्या एका प्रयोगावरून पसरला. खऱ्या खोलीत उघड्या खिडकीइतका परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील, असे २०१९ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडणाऱ्या संशोधकांनी दाखवले. झाडे लावावीत ती मुलांच्या आनंदासाठी.

कायद्याने या प्रश्नाला स्पर्श केला आहे, पण ओझरता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४८व्या कलमात स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर आणि तेथे पुरेशी जागा, पुरेसा उजेड व पुरेसे वायुवीजन असावे, असे म्हटले होते, आणि तोफगाडी, वाहन व दारूगोळा कारखान्यांच्या या शहरात पाळणाघर ही कल्पना त्यामुळे नवी नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले, आणि ‘पाळणा’ योजनेतून अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याचे काम सुरू आहे, म्हणजे लहानगी मुले या खोल्यांत पूर्वीपेक्षा अधिक तास राहणार आहेत. जुन्या कायद्यातील ‘पुरेसे’ या शब्दाला मात्र आकड्याचा आधार नव्हता, आणि १९८१ चा वायू प्रदूषण कायदा मुख्यतः बाहेरच्या वातावरणापुरता पाहतो. फ्रान्सने २०१८ पासून पाळणाघरे आणि बालशाळांतील हवेवर देखरेख बंधनकारक केली. तेथील सर्व व्यवस्था येथे आणणे शक्य नाही, परंतु कार्बन डायऑक्साइड मोजणारे साधे यंत्र आज काही हजार रुपयांत मिळते आणि एक यंत्र आळीपाळीने वीस-पंचवीस केंद्रांत फिरवता येते. स्वस्त कणमापक पावसाळी दमट हवेत फुगवून आकडे दाखवतात, म्हणून त्यांची मोजणी कोरड्या महिन्यांत करावी, एवढे पथ्य पाळावे लागेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार मध्य प्रदेशातील पाच वर्षांखालील ३३ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत. खोकला-तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळलेले मूल त्या आठवड्यात वाढत नाही. अंगणवाडीने दिलेली खिचडी आजाराशी झगडण्यातच खर्ची पडते. जबलपुरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९४७ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जनजाती आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे आणि हवेसाठी देशात दुसरा क्रमांक मिळवणारी महानगरपालिका आहे. या चौघांनी मिळून येत्या हिवाळ्यात शहरातील पन्नास अंगणवाड्यांची हवा मोजावी, कोणत्या खोलीला झरोका हवा, कोणत्या खोलीला दुसरी खिडकी आणि कोणती खोली सोडूनच द्यावी, हे ठरवावे, आणि मुलांची उंची-वजन जेथे नोंदवले जाते त्या पोषण ट्रॅकरमध्ये खोलीच्या हवेसाठी एक रकाना वाढवण्याची मागणी राज्य आणि केंद्र सरकारकडे करावी.